आबांनी लिहून दिलेलं अंग

॥ श्री ॥

जळगाव,
२२ ऑगस्ट २०२४

चि. दिपमाला हिस वना आबाचे आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, बेटा, राग मानू नको. तुझे पत्र येऊन महिना होत आला. रोज लिहायला बसलो आणि रोज उठलो. जे लिहायचे होते ते लिहवत नव्हते, आणि बाकीचे लिहिण्यासारखे नव्हते. फोन करा म्हणशील, तर माझ्या कानांचे तुला ठाऊक आहे. कानातले मशीन शिट्टी मारते. तू तिकडून ओरडतेस, मी इकडून ओरडतो, आणि शेवटी गल्लीला सगळे कळते, मला तेवढे कळत नाही. म्हणून पत्रच बरे.

पेपरात गिरणा-पांझरा विद्यापीठाची जाहिरात आली आहे. तुझ्या बापाने, समाधानने, तो पेपर फळीवर अंथरला होता. मी वरचे डबे उचलून काढून घेतला. धुळ्याच्या मेडिकल आवारात प्रयोगशाळेची पदे आहेत आणि 'कायम' असे ठळक छापले आहे. तू तिथेच कंत्राटावर आहेस म्हणजे तुला आधीच माहीत असणार. तरी लिहितो, कारण माहीत असून राहून जाते असे मी पुष्कळ पाहिले आहे. अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नको. शेवटच्या दिवशी मशीन बंद पडतात.

घरची गोष्ट अशी की समाधान म्हणतो, या खेपेला कायम नाही झाली तर पोरीला घरी आणायचे आणि वैशाखात लग्न लावून टाकायचे. हे तो माझ्याशी बोलला नाही. पण असले बोलणे मला बरोबर ऐकू येते. तू तीन वर्षे शिकलीस, दोन वर्षे तिथे राबलीस, ते सगळे एका वैशाखात जायचे. माझा जीव त्यात अडकला आहे.

तू फक्त अभ्यास कर. माझ्याकडून जे व्हायचे ते मी केले आहे. काय केले ते विचारू नको. माझ्या मेहुण्याला, प्रेमराजला, माहीत आहे. त्याची जमीन दीपनगरच्या वीजघरात गेली आणि त्याचा मुलगा कुंदन तिथे नोकरीला लागला, म्हणून या कामातले त्याला कळते. तो म्हणतो, सरकारला काही दिले तर सरकार घरातला एक माणूस घेते. आपल्याकडे द्यायला जमीन नाही. पण म्हणून काहीच नाही, असेही नाही.

जेवत जा. कळव.

तुझा आबा

•

धुळे,
९ सप्टेंबर २०२४

ती. आबांना दिपमालाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोहोचलं. पोस्टमन खोलीशी आला तेव्हा शीतल म्हणाली, "दिपे, काय केलंस गं? तुला नोटीस आली!" शीतल म्हणजे माझी खोलीतली मैत्रीण, शिरपूरकडची, इथंच नर्स आहे, तीही कंत्राटावर. हल्ली कागदावर कोणी लिहिलं की आम्हाला नोटीसच वाटते.

अर्ज भरला. पहिल्याच आठवड्यात भरला, मशीन चालू असताना. परीक्षा नोव्हेंबरात, केंद्र जळगावच मागितलंय, म्हणजे आदल्या दिवशी घरी येईन आणि तुमच्या हातचं दही-साखर घेऊन जाईन.

आबा, कायम होणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. इथं आमच्या गळ्यातल्या ओळखपत्राची फीत हिरवी आणि कायमवाल्यांची निळी. कॅंटीनवाला आधी फीत बघतो, मग तोंड. निळ्याला कपात चहा, हिरव्याला कागदी ग्लासात. दर अकरा महिन्यांनी आम्हाला एक दिवस घरी बसवतात आणि दुसऱ्या दिवशी नव्याने लावतात. त्या एका दिवशी मी खोलीत बसून राहते. बाहेर पडले तर वाटतं, कोणी विचारेल, आज तू कोण आहेस?

म्हणून ही परीक्षा मला काढायचीच आहे. पण तुम्ही 'केलं' म्हणजे काय केलं? मला झोप नाही. जाहिरात आली की आवाराच्या फाटकावर दलाल उभे राहतात. तुम्ही कोणाला भेटलात का? कोणाच्या नादी लागू नका. मला माझ्या बळावर लागू द्या. नाही लागले तर नाही लागले, पण मग ते 'नाही'सुद्धा माझंच असेल.

तुमची,
दिपमाला

•

जळगाव,
३० सप्टेंबर २०२४

चि. दिपमाला हिस आशीर्वाद.

तुझ्या आजीची शपथ घेऊन सांगतो, मी कोणा दलालाला भेटलो नाही. जे केले ते खिडकीसमोर उभे राहून, सही करून, रीतसर केले. आता विचारू नको.

इकडे सगळे ठीक. माझी तब्येत तर पूर्वीपेक्षा बरी आहे, कारण मी जपतो आहे. तंबाखू सोडली. तुझी आजी जन्मभर सांगून थकली तेव्हा सुटली नाही, आता एका दिवसात सुटली. सकाळी फिरतो, पण गल्लीतल्या गल्लीत. हायवे ओलांडत नाही. तिकडचा दवाखाना सोडला, बाजार सोडला, महादेवाचे देऊळ सोडले. ट्रकांचे काय सांगावे. गावी बोरी नदीकाठी जाऊन यावे असे फार वाटते, तुझ्या आजीला तिथेच अग्नी दिला आहे. पण तिकडे काही झाले तर वेळेवर बातमी कोण देणार? समाधान सुरतेला माझ्या भाच्याकडे नेत होता, नाही म्हणालो. तो चिडला. सून म्हणाली, "आबा, तुम्ही स्वतःला कैदेत का टाकलं?" मी म्हणालो, गुडघे दुखतात.

शेजारचा उखर्डू तर रोज टोमणा मारतो. काल म्हणाला, "काय आबा, तंबाखू सोडी, भाजीपाला खातस, नवरदेव व्हनं शे का?" सगळे हसले. मी पण हसलो. बैलाचा सौदा झाला आणि गिऱ्हाईक पुढच्या बाजाराला न्यायला येणार असले, की तोवर त्याला आपण नीट चारतो, उन्हात बांधत नाही. तसे समज. यापुढे काही लिहीत नाही.

एक सहज विचारतो. तुमच्या मेडिकलमध्ये माणूस गेल्यावर ज्या खोलीत ठेवतात ती फार थंड असते का? अंगावर कापड असते का? बायाबापड्या तिथे असतात का? पेपरात काहीतरी वाचले म्हणून विचारले. उत्तर नाही दिले तरी चालेल. दिले तर बरे.

अभ्यास कर.

तुझा आबा

•

धुळे,
२४ जानेवारी २०२५

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

आबा, लागले!

काल यादी लागली. महिलांमध्ये दुसरी. शीतलने खोलीतच उड्या मारल्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकू भांडायला वर आल्या, त्यांनाही पेढा दिला. तुम्हाला फोन करावासा वाटत होता, पण तुम्ही 'काय? काय?' म्हणत राहिला असतात आणि माझी बातमी शिळी झाली असती. बाबांना मात्र कळवलं. ते म्हणाले, "बरं झालं," आणि फोन आईकडे दिला. रडले असावेत. परीक्षेच्या वेळी घरी आले होते तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघायचं टाळत होतात, ते मला कळत होतं. दिवाळीत ड्यूटी लागली म्हणून येता आलं नाही. आता निळी फीत घालूनच येईन. पंधरा मार्चपर्यंत हजर व्हायचं आहे. त्याआधी वैद्यकीय तपासणी, कागद, पोलिसांचा दाखला, हे सगळं.

(मागे पाहा.)

आता एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते. रक्त-लघवीच्या लॅबमधल्या जागा वरच्या नंबरांनी घेतल्या. मला शरीररचना विभाग मिळालाय. पहिल्या वर्षाची डॉक्टरकीची मुलं ज्या देहांवर शिकतात, ते देह तिथे ठेवलेले असतात. लोकांनी मरणाआधी लिहून दिलेले असतात. ते आले की उतरवून घेणं, औषध भरणं, सांभाळणं, हे माझं काम. जुने तंत्रज्ञ प्रकाश सर मला आत घेऊन गेले. मला वाटलं होतं, भीती वाटेल. नाही वाटली. तुम्ही मागं विचारलं होतंत ना, तर ऐका. हो, थंड असतं. हो, अंगावर कापड असतं. बायकाही काम करतात, आता मी करेन.

पण हे गल्लीत कोणाला सांगू नका. 'लॅबमध्ये लागली' एवढंच सांगा. नाहीतर माझ्या हातचं पाणी कोणी पिणार नाही, आणि बाबांना पुन्हा वैशाख आठवेल.

तुमची,
दिपमाला

•

जळगाव,
२ फेब्रुवारी २०२५

चि. दिपमालास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले तेव्हा मी दारात बसलो होतो. 'लागले' हा शब्द वाचला, पुढचे एक पान वाचले आणि तसाच उठून उखर्डूच्या ओट्यावर गेलो. तोंडाला कुलूप राहिले नाही. सगळे सांगून परत आलो, पाणी प्यालो आणि मग पान उलटून पाहिले. मागे लिहिलेले आहे हे मला आधी कळलेच नाही. बेटा, मागचे पान वाचले आणि लगेच हे लिहायला बसलो.

आता लपवून उपयोग नाही. गेल्या आषाढात समाधानला 'प्रेमराजकडे जातो' असे सांगून मी निघालो, आणि प्रेमराजला घेऊन तुझ्या मेडिकलला आलो. मी माझे अंग लिहून दिले आहे, उखर्डूलाही हेच सांगून आलो. मेल्यावर ते तुमच्या विभागाने न्यायचे. प्रेमराज आणि कुंदन दोघांच्या साक्षीच्या सह्या आहेत. प्रेमराजची जमीन गेली तेव्हा कुंदन लागला. माझ्याकडे सात-बारा नाही, म्हटले हे आहे. सरकारला उपयोगाचे आहे असे पेपरात वाचले होते.

खिडकीवरचा माणूस फार चांगला. वयस्क, आपल्याच बोलीतला. त्याने माझ्या कानाशी तोंड आणून एकेक गोष्ट समजावली. अपघात झाला, चिरफाड झाली, तर अंग घेता येत नाही. वेळेत कळवायचे. सही झाल्यावर मी त्याला म्हणालो, माझी नात दिपमाला इथेच हिरव्या फितीवर आहे, तिच्याकडे लक्ष असू द्या. तो उठून उभा राहिला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "मंग काय आबा, हाई ते घरनंच काम शे. नातनी काळजी करू नका, ती आमनीच पोर शे." घरचेच काम म्हणाला. बाहेर आल्यावर प्रेमराज म्हणाला, "झालं. शब्द दिला त्याने. एवढी मोठी माणसं उभं राहून कधी हात धरतात का?"

तेव्हा तू समोरून डबा घेऊन चालली होतीस. कोणाशी तरी हसत होतीस. मी खांबामागे झालो.

बघ, त्यांनी शब्द पाळला. आणि पाळला तो कुठे पाळला! माझे अंग ज्या दारातून आत जायचे, त्याच दारात तुला बसवले. मला वाटले होते, कोणी परका घेईल, मी डोळे मिटलेला असेन, झाले. आता तू उतरवून घेणार. ज्या पोरीला मी अंघोळ घातली ती मला...

मागे घेऊ म्हटले तर तुझी नोकरी जाईल. नाही घ्यावे तर तुझ्या हाती येईल. मला दोन्हीकडून वाट राहिली नाही. तू त्यांना विचार ना, दुसऱ्या खोलीत बदली होते का. पण हळू विचार. सौदा मोडतो आहोत असे त्यांना वाटता कामा नये.

तुझा आबा

•

धुळे,
१९ फेब्रुवारी २०२५

आबा,

तुमचं पत्र मिळालं. उत्तर लिहिणारच होते, तेवढ्यात जे झालं ते आधी सांगते.

गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी विभागात उखर्डूकाका आले. सोबत त्यांची आई, सुंदरबाई, डोक्यावर पदर, हातात काठी. काका खिडकीवर मोठ्याने म्हणाले, "मनी मायनं नाव लिखी ल्या, अन् मना पोऱ्याले नोकरीवर लाई द्या. वना आबानं तसंच करं ना!" खिडकीवरचे साहेब, तुमचा हात धरणारे तेच, गोंधळून गेले. त्यांनी सुंदरबाईंना विचारलं, "आजी, तुमची इच्छा आहे का?" त्या म्हणाल्या, "माले काय ईचारतस? मी मराले तयार शे, पन पोऱ्याले पहिले लावा. नंतर तुम्ही पलटी जाशात!" रांगेतले हसले. मी दाराशी उभी होते. मला जमीन फाटावी असं झालं.

गुरुवारी आणखी दोन घरं आली. जळगावचीच. आणि कुलसचिवांकडे एक निनावी अर्ज गेला, की शरीररचना विभागात देह घेऊन नोकऱ्या देतात. विभागप्रमुख मॅडमनी मला बोलावलं. "दिपमाला, हे काय चाललंय?" माझं हजर होणं आता थांबवलं आहे. चौकशी होईपर्यंत मला रुजू करून घेणार नाहीत, आणि पंधरा मार्च गेली तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नंबराला जाते.

आबा, तुम्ही नीट वाचा. पान उलटूनसुद्धा वाचा. त्या साहेबांनी तुम्हाला शब्द दिला नव्हता. ते सही करणाऱ्या प्रत्येकाचा हात धरतात. माणूस आपलं अंग देतो, तर ते उभे राहतात, एवढंच. निवड त्यांच्या हातात नाही. पेपर मी दिला, मार्क मला पडले. रात्र रात्र मी पाठ केलं. हिरवी फीत घालून दोन वर्षं मी कागदी ग्लासातला चहा प्यायले. आणि आता सगळं जळगाव म्हणतं, आबांनी अंग दिलं म्हणून पोरगी लागली. कुंदनकाकांनी तर फोन करून अभिनंदन केलं, "आमच्यासारखंच झालं तुझं." माझं लागणं तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत, आबा. प्रेमानंच, पण काढून घेतलंत.

एकच करा. मॅडमना तुमच्या हातचा कागद हवा आहे. 'मला कोणी कसलंही आश्वासन दिलेलं नाही, देहदानाचा आणि नातीच्या नोकरीचा संबंध नाही.' एवढं लिहून, सही करून, स्पीड पोस्टाने पाठवा. आणि ते लिहून दिलेलं मागे घ्यायचं असेल तर केव्हाही घ्या. तसंही घरच्यांनी नको म्हटलं तर कोणी जबरदस्तीनं नेत नाही. तुम्ही स्वतःला कोंडून घेतलंय ते कशापायी?

कागद लगेच पाठवा.

दिपमाला

•

जळगाव,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. दिपमालास आशीर्वाद.

तुझे पत्र घेऊन उखर्डूकडे गेलो. तो म्हणाला, "आबा, तुम्हीच सांगितलं, तुम्हीच मागं सरता?" त्याच्या आईने माझ्याशी बोलणे सोडले आहे. सुंदरबाई माझ्यापेक्षा मोठी. तिला मी काय तोंड दाखवू?

कागदाचे असे आहे, बेटा. मी लिहायला घेतला. निम्मा लिहिला. तेवढ्यात प्रेमराज आला. त्याने कागद माझ्या हातून ओढून घेतला. म्हणाला, "दाजी, वेड लागलं का? अशी सही कधी करायची नाही." त्याच्या ओळखीच्या एका माणसाची जमीन कुठल्याशा धरणात गेली होती. साहेबांनी गोड बोलून 'आमची काही मागणी नाही' असे त्याच्याकडून लिहून घेतले. पुढे पोराच्या नोकरीसाठी तो गेला तेव्हा तोच कागद त्याच्यासमोर धरला. प्रेमराज म्हणतो, "आधी तिला निळी फीत गळ्यात घालू दे, मग हवं ते लिहून दे. आधी लिहिलं तर तुझं अंगही त्यांचं आणि पोरगीही बाहेर."

तू म्हणतेस मार्कांवर लागलीस. असेल. मी कुठे नाही म्हणतो? पण मार्क पडलेली पुष्कळ पोरे या गल्लीत घरी बसून आहेत. नुसत्या मार्कांवर कोणी लागलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले नाही. तू पोर आहेस. ते तुझ्याकडूनच माझा कागद मागवतात, यातच मला काही दिसते. तुला समजत नाही म्हणून मीच घाबरायचे.

आणि खरे सांगू? मला कोणी शब्द दिला नाही असे मी लिहिले, तर ते खोटे होईल असे मला वाटते. त्या माणसाने माझा हात धरला होता. इतक्या वर्षांत कोणत्या कचेरीत माझा कोणी हात धरला?

समाधानला आता सगळे कळले आहे. तो माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवतो आणि जातो. सून म्हणाली, "आमच्या हातून अग्नी नको होता का तुम्हाला?" घरात बसतो तर हे, बाहेर पडतो तर उखर्डूचा ओटा. दार लावून बसलो आहे.

थोडे थांब. प्रेमराजला आणखी एकदा विचारतो.

तुझा आबा

•

धुळे,
६ मार्च २०२५

आबा,

थांबायला दिवस नाहीत.

मी मॅडमना अर्ज लिहून ठेवला आहे, की मला ही नोकरी नको. तुमचा कागद चौदापर्यंत आला नाही तर मी तो अर्ज देणार आणि घरी येणार. वैशाखात बाबा म्हणतील तिथं बसेन. हा राग नाही. लोकांनी म्हणायचं की आजोबांच्या प्रेतावर नोकरी मिळवली, आणि मी त्याच खोलीत रोज काम करायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. जो देह येईल त्याच्या घरच्यांकडे मी कशी बघणार? ते मनात म्हणतील, आमच्याही पोराला लाव.

प्रेमराज आजोबांना विचारू नका. मला विचारा. मी सांगते ते खरं धरा. एवढ्या एका वेळी.

दिपमाला

•

जळगाव,
१८ मार्च २०२५

चि. दिपमाला हिस आबाचे आशीर्वाद.

कागद मी आठ तारखेला पाठवला. पोस्टातली बाई म्हणाली, दोन दिवसांत पोहोचेल. पावती माझ्या खिशात आहे. आज अठरा झाली आणि तुझ्याकडून काही नाही. समाधान फोन करतो, तू उचलत नाहीस असे म्हणतो. खरे की माझ्यापासून लपवतो, देव जाणे.

कागद लिहिला तो सांगतो. कोणाला विचारले नाही. प्रेमराज आला होता, त्याला दार उघडले नाही. तो बाहेरून "दाजी, दाजी" करत राहिला. मला ऐकू येत होते.

मी लिहिले, 'मी वना, वय ७८, सहावी पास, लिहून देतो की मला विद्यापीठातल्या कोणीही नोकरीचा शब्द दिला नाही. खिडकीवरच्या साहेबांनी माझा हात धरला तो माणुसकीने धरला, त्याचा अर्थ मी चुकीचा काढला. माझी नात दिपमाला स्वतःच्या मार्कांवर लागली. तिने मला काही करायला सांगितले नव्हते, तिला काही माहीत नव्हते. गल्लीतल्या लोकांना मी सांगितले, ती माझी चूक.' साहेबांचे नाव घातले नाही. त्यांना त्रास व्हायला नको. सही केली आणि खाली अंगठाही दिला, कोणी म्हणायला नको की सही दुसऱ्याची.

उखर्डूच्या घरीही गेलो. सुंदरबाईला म्हणालो, वहिनी, असे काही नसते, मी चुकलो, नाव काढून घ्या. तिने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मंग तुमनी नात कशी लागनी?" मी म्हणालो, अभ्यास करून. ती म्हणाली, "मना नातूबी अभ्यास करस." मी तसाच परत आलो.

पण लिहिल्यापासून मला वेगळेच झाले आहे, बेटा. सौदा होता तोवर झोप लागत होती. भीती होती, लाज होती, पण कशासाठी ते माहीत होते. आता तू म्हणतेस आणि मीही सहीनिशी लिहून दिले, की बदल्यात काही नव्हते. मग मी माझे अंग दिले ते कशासाठी? मागे घ्यायचा कागद समाधानने आणून ठेवला आहे. तीन वेळा पेन घेतले. घ्यावे तर हात पुढे होत नाही. त्या माणसाने धरलेला हात आहे हा. राहू द्यावे तर समाधान समोरून जातो आणि मान वर करत नाही.

आणि तुझे तर मला काहीच कळत नाही. तू तिथे लागली असशील तर मला तिथे यायचे नाही, तुझ्या टेबलावर नाही यायचे. आणि तू तिथे नसशील, माझ्यामुळे घालवून बसली असशील, तर त्या थंड खोलीत परक्या माणसांत मी कोणाच्या भरवशावर पडू? दोन्ही विचार करून बघितले. मध्ये बसलो आहे.

तू रागावली असशील तर रागाचे लिही. घरी यायला निघाली असशील तर बसमध्ये बसण्याआधी लिही, म्हणजे मी समाधानला आधी सांगून ठेवीन आणि वैशाखाचे बोलणे त्याच्या तोंडून निघू देणार नाही, एवढे माझ्याकडून होईल. रुजू झाली असशील तर नुसते 'झाले' लिही, बाकी काही नको. पोस्टमन सकाळी येतो. मी दारातच असतो. लवकर लिही, माय, फार लवकर लिही.

तुझा आबा